अक्षरं तीच, शेजार हरवलेला: जुन्या राजनैतिक पत्रातला ट्रान्सपोझिशन सायफर सोडवताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापुरात इतिहासात पीएच.डी. करताय. युरोपातल्या एका अभिलेखागाराने स्कॅन करून ठेवलेलं, अठराव्या शतकाच्या अखेरचं एक इंग्रजी राजनैतिक पत्र तुम्हाला मिळालं. पत्र सरळ वाचता येतं, पण मधेच १८० अक्षरांचा एक परिच्छेद असा आहे की त्याचा अर्थच लागत नाही. आकडे नाहीत, खुणा नाहीत, नुसती अक्षरं सलग लिहिलेली. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर घातलं असेल असं धरून तुम्ही दोन महिने खटपट केलीत आणि हाती काही आलं नाही. आता तुम्ही विचारताय की हा ट्रान्सपोझिशन सायफर (म्हणजे अक्षरं तीच ठेवून फक्त त्यांच्या जागा बदललेलं गुप्तलेखन) असेल का, आणि असला तर कागद-पेन्सिलीने सुटेल का.

माझं उत्तर दोन्हीला होय असं आहे. का, ते सविस्तर सांगतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, नमुने काढले. जुने सायफर सोडवायला लागलो त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. या दोन कामांत मला कधी फार अंतर वाटलं नाही. जेकार्डचा नमुना आधी आलेख कागदावर चौकटी भरून काढतात. मग प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक कार्ड, त्यावर नमुन्याप्रमाणे भोकं, आणि सगळी कार्डं क्रमाने दोरीने ओवून मागावर चढवायची. एकदा आमच्याकडे जुन्या मोराच्या चादरीच्या कार्डांची दोरी कुजून तुटली. दोनशेच्या वर कार्डं जमिनीवर पसरली आणि त्यांच्यावरचे नंबर कधीच पुसले गेले होते. एकाही कार्डावरचं एकही भोक बदललं नव्हतं, गेला होता तो फक्त क्रम. आम्ही दोघं तीन दिवस बसलो आणि कार्ड लावली. कशी? मोराच्या मानेची कड एका कार्डावरून पुढच्या कार्डावर एखाद्-दुसऱ्या भोकानेच सरकते, एकदम वीस भोकं उडी मारत नाही. मग दोन कार्डं शेजारी धरायची आणि नुसती मान बघायची नाही, पिसारा, वेल, काठ, सगळीकडच्या कडा एकाच वेळी जुळतात का ते बघायचं. एका ठिकाणी जुळणं योगायोग असतो. दहा ठिकाणी जुळलं की तीच जागा.

ट्रान्सपोझिशन सायफर सोडवणं म्हणजे हेच आहे. अक्षरं सगळी तुमच्यासमोर आहेत, खरीच आहेत, फक्त त्यांचा शेजार मोडलेला आहे. तो शेजार परत लावायचा. बाकी सगळ्या युक्त्या त्यातूनच येतात.

गुप्त लिहिण्याच्या तीन तऱ्हा लोक एकमेकींत मिसळतात. पहिली, संकेत: शब्दाला ठरवून वेगळा अर्थ द्यायचा. पानिपतानंतर १७६१ साली पेशव्यांना मिळालेलं सावकारी पत्र आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. दोन मोती गळाल्याचं आणि मोहरा हरवल्याचं त्यात होतं, आणि मोती म्हणजे कोण ते कळणाऱ्याला कळलं. दुसरी, अक्षरबदल: 'क' च्या जागी 'ट' किंवा एखादा आकडा. तिसरी, जागाबदल, म्हणजे ट्रान्सपोझिशन. ही तर आपण सगळे लहानपणी बोललो आहोत. च ची भाषा आठवा. सोलापूर म्हणजे 'चलापूरसो'. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकलं आणि पुढे एक फालतू 'च' लावला. अक्षरं तीच, जागा बदललेली, वर एक निरर्थक अक्षर. युरोपातल्या मुत्सद्द्यांनी यापेक्षा वेगळं काही केलेलं नाही, फक्त हलवाहलव जास्त आणि फालतू अक्षरं जास्त.

संस्कृत चित्रकाव्यात तर याचे फार देखणे नमुने आहेत. गोमूत्रिका बंधात दोन ओळी एकाखाली एक लिहून वर-खाली, वर-खाली असं नागमोडी वाचायचं. इंग्रजीत ज्याला रेल फेन्स म्हणतात त्याची चाल हीच. आणि वेदान्त देशिकांच्या पादुकासहस्रात एक श्लोक असा आहे की त्याची बत्तीस अक्षरं बुद्धिबळाच्या अर्ध्या पटावर मांडून घोड्याच्या चालीने वाचली की दुसरा, तितकाच अर्थपूर्ण श्लोक निघतो. तिथे लपवण्याचा हेतू नव्हता. पण अक्षर न बदलता नुसती जागा बदलून काय काय होतं, हे ज्याला मनापासून समजून घ्यायचं असेल त्याने तो श्लोक एकदा आलेख कागदावर मांडून बघावा.

आता तुमचं पत्र. तुम्ही अक्षरांची मोजणी पाठवलीत हे फार बरं केलंत. ई २३ वेळा, टी १७ वेळा, ए आणि ओ प्रत्येकी १४ वेळा, क्यू एकदा, झेड एकदाही नाही. इंग्रजीत ई साधारण १२.७ टक्के येतो आणि टी ९ टक्क्यांच्या आसपास. १८० अक्षरांत याचा हिशेब २३ आणि १६ असा येतो. म्हणजे तुमच्याकडे साध्या इंग्रजी मजकुराचीच मोजणी आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमचे दोन महिने इथेच गेले. मोजणीचा जो निर्देशांक काढतात (प्रत्येक अक्षराच्या संख्येला तिच्यापेक्षा एकने कमी संख्येने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, आणि १८० गुणिले १७९ ने भागायचं) तो तुमच्या पत्राचा ०.०६५ येतो. इंग्रजीचा ०.०६६ च्या आसपास असतो, आणि सव्वीसही अक्षरं सारख्याच प्रमाणात येत असतील तर ०.०३८. हा आकडा बघून तुम्ही म्हणालात की एकास एक अक्षरबदल असणार. पण हा निर्देशांक अक्षरबदलातही तसाच राहतो आणि जागाबदलातही तसाच राहतो. फरक कळतो तो शिखरं कुठे आहेत त्यावरून. अक्षरबदल असता तर ई चं शिखर दुसऱ्याच कुठल्या अक्षरावर, समजा के वर किंवा पी वर, जाऊन बसलं असतं. तुमच्याकडे ई चं शिखर ई वरच आहे, आणि क्यू-झेडचा दुष्काळ क्यू-झेडलाच आहे. एकही अक्षर बदललेलं नाही.

राजनैतिक पत्रांत हे दुर्मीळ असतं, त्यामुळे तुम्हाला सुचलं नाही यात तुमची चूक नाही. शेकडो वर्षं राजदूतांची भिस्त अक्षरबदलावर आणि शब्दांना दिलेल्या आकड्यांवर होती. स्कॉटलंडची राणी मेरी हिची ५७ पत्रं २०२३ साली जॉर्ज लास्री, नॉर्बर्ट बियरमान आणि सातोशी तोमोकियो यांनी उलगडली, तीही चिन्हांच्या अक्षरबदलाचीच होती. जागाबदल कमी वापरला जायचा त्याचं कारण फार व्यवहारी आहे. अक्षरबदलात कारकुनाची एक चूक म्हणजे एक अक्षर बिघडतं. जागाबदलात एक अक्षर सुटलं की पुढची सगळी रांग एका घराने सरकते, आणि पलीकडे बसलेल्याच्या हाती कचरा पडतो.

तरीही तो वापरला गेला. १६८० च्या दशकात स्कॉटलंडच्या अर्ल ऑफ अर्गाइलने पत्रांत अख्खे शब्दच उभ्या रकान्यांत फिरवले होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेच्या तारा शब्दांची जागा बदलून जायच्या, मधे फालतू शब्द पेरून. पण तुमच्या पत्राच्या काळाला आणि जातीला सगळ्यात जवळचं उदाहरण रॉबर्ट पॅटरसनचं आहे, आणि ते तुम्ही मुळापासून अभ्यासावं असं मी आग्रहाने सांगेन.

पॅटरसन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता. १९ डिसेंबर १८०१ रोजी त्याने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना पत्र लिहून आपली नवी पद्धत कळवली. मजकूर शब्दांमधली जागा न ठेवता उभा लिहायचा, वरून खाली, एक रकाना संपला की शेजारी दुसरा. मग आडव्या ओळी घ्यायच्या आणि जास्तीत जास्त नऊ ओळींचा एकेक गट करायचा. प्रत्येक गटातल्या ओळी किल्लीप्रमाणे उलटसुलट क्रमाने उतरवायच्या, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला किल्ली सांगेल तितकी फालतू अक्षरं घालायची. किल्ली म्हणजे दोन-दोन अंकांच्या जोड्या: पहिला अंक ओळीचा, दुसरा फालतू अक्षरांच्या संख्येचा. किल्ल्यांची संख्या नव्वद लाख कोटींच्या वर जाते असा त्याचा हिशेब होता, आणि किल्लीवाचून हे माणसाच्या बुद्धीला सुटणार नाही असं तो मानायचा. नमुना म्हणून एक मजकूर त्याने सायफरमध्ये घालून पाठवला आणि किल्ली दिलीच नाही. जेफरसनना पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती फ्रान्समधले अमेरिकी दूत रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांच्याकडेही पाठवली.

तो नमुना दोनशे वर्षं तसाच राहिला. २००७ च्या सुमारास लॉरेन स्मिथलाइन या गणितज्ञाने तो सोडवला. त्याने काय केलं ते बघा. एकेकटं अक्षर मोजून उपयोग नव्हता, म्हणून त्याने अक्षरांच्या जोड्या मोजल्या, तेही कुठल्या आजच्या इंग्रजीत नाही, तर जेफरसन यांच्याच वार्षिक संदेशांतल्या सुमारे ८० हजार अक्षरांत. कोणती दोन अक्षरं किती वेळा शेजारी येतात याचा तक्ता झाला. मग सायफरच्या दोन ओळी एकाखाली एक धरायच्या, फालतू अक्षरांचा अंदाज घेऊन एक ओळ पुढे-मागे सरकवायची, आणि वर-खाली आलेल्या साठेक जोड्या त्या तक्त्याशी ताडायच्या. शेजार खरा असेल तर जवळजवळ सगळ्या जोड्या इंग्रजीत शोभणाऱ्या निघतात. ही माझी मोराची कार्डंच झाली! किल्ली निघाली ती १३, ३४, ५७, ६५, २२, ७८, ४९. आतला मजकूर अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सुरुवात, म्हणजे जेफरसन यांनी स्वतः लिहिलेला मजकूर त्यांनाच गुप्त करून पाठवला होता.

नव्वद लाख कोटी किल्ल्या एकेक करून कोणी तपासल्या नाहीत. तपासायची गरजच नसते. दोन ओळींचा शेजार बरोबर लागला की तेवढा भाग सुटला, बाकीच्या ओळी कशाही असोत. अंशतः बरोबर उत्तर इथे ओळखू येतं, आणि या पद्धतीचा जीव तिथेच जातो.

हाताला सवय व्हावी म्हणून आधी मराठीत एक करून बघा. मी विद्यार्थ्यांना देतो तेच देतो. मजकूर मीच बनवलेला आहे. जोडाक्षर हे एक अक्षर धरायचं, काना-मात्रा अक्षराबरोबरच.

लजानिसोसच्यालनावळीटेजिद्यारतीतकीविनेनाकावाखहीउपूघब

मोजा, २८ अक्षरं भरतात. सगळ्यात साधी पद्धत अशी असते: मजकूर चौकटींत आडवा भरायचा आणि रकाने किल्लीच्या क्रमाने उभे उतरवायचे. आमच्या भाषेत बाण्याने भरायचं आणि ताण्याने काढायचं. २८ म्हणजे सात रकाने प्रत्येकी चार अक्षरांचे, किंवा चार रकाने सात-सात अक्षरांचे. चार रकाने असतील तर क्रम अवघे २४. अर्ध्या तासात सगळे तपासून होतात आणि एकही लागत नाही. सात असतील तर क्रम ५०४०, पण आपण ते तपासणारच नाही. कागदाच्या सात पट्ट्या कापा आणि प्रत्येकीवर चार-चार अक्षरं उभी लिहा:

पहिली: ल, जा, नि, सो
दुसरी: स, च्या, ल, ना
तिसरी: व, ळी, टे, जि
चौथी: द्या, र, ती, त
पाचवी: की, वि, ने, ना
सहावी: का, वा, ख, ही
सातवी: उ, पू, घ, ब

आता नजर टाकताच काय टोचतं? 'च्या'. मराठीत 'च्या' एकटा उभा राहत नाही, त्याच्या आधी नाम लागतं. दुसऱ्या पट्टीच्या डावीकडे कोण बसेल? दुसऱ्या ओळीतलं 'ळी' चालेल, होळीच्या, दिवाळीच्या असं. 'र' पण चालेल. इथे घाई करू नका, चारही ओळी बघा. तिसरी पट्टी लावली तर 'वस, ळीच्या, टेल, जिना'. वाईट नाही, 'जिना' शब्दच आहे. चौथी लावली तर 'द्यास, रच्या, तील, तना'. 'तील' हा तर क्रियापदाचा शेवट: येतील, जातील. आणि 'द्या' च्या आधी काय येऊ शकतं? 'उद्या'. सातवी पट्टी चौथीच्या डावीकडे सरकवा: 'उद्यास, पूरच्या, घतील, बतना'. तुम्ही एका शब्दावरून पट्टी लावलीत, आणि दुसऱ्या ओळीत न मागता 'पूरच्या' आलं. एखादं गाव आहे. तिसरीत 'घतील' च्या आधी 'नि' मागतंय, आणि 'नि' पहिल्या पट्टीवर आहे. ती लावा: 'लउद्यास, जापूरच्या, निघतील, सोबतना'. आता 'जापूर' च्या आधी 'वि' सोडून दुसरं काय येणार? पाचवी पट्टी. मग पहिल्या ओळीत 'कील' झालं, त्याच्या आधी तिसरी पट्टी, 'वकील'. उरली सहावी, ती शेवटी:

वकीलउद्यासका
ळीविजापूरच्यावा
टेनेनिघतीलख
जिनासोबतनाही

वकील उद्या सकाळी विजापूरच्या वाटेने निघतील, खजिना सोबत नाही. एका ओळीच्या शेवटी मोडलेला शब्द पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुरा होतो: 'सका' आणि 'ळी', 'वा' आणि 'टेने', 'ख' आणि 'जिना'. हा पुरावा सगळ्यात भक्कम, कारण पट्ट्या लावताना आपण तो वापरलाच नव्हता. आणि 'जिना' ला भुलून तिसरी पट्टी दुसरीच्या डावीकडे ठेवली असती तर? दोन-तीन पट्ट्यांनंतर अडकला असतात. एका गोड शब्दावर जीव जडतो आणि माणूस बाकीच्या ओळींकडे बघत नाही. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त दिवस याच्यात जातात.

आता हेच तुमच्या १८० अक्षरांवर करू. आयत पूर्ण भरलेला असेल तर रकान्याची लांबी १८० ला भाग जाणारी हवी: ९, १०, १२, १५, १८, २० या व्यवहारातल्या. कोणती, ते तुमचा एकुलता एक क्यू सांगतो. इंग्रजीत क्यूच्या मागे यू असतोच, जवळजवळ अपवाद नाही. तुमच्या यादीत क्यू ५३ व्या जागी आहे, आणि यू ३१, ८२, १२५, १४० आणि १६६ या जागी. दोन्ही एकाच आडव्या ओळीत असायचे तर त्यांच्या जागांमधल्या फरकाला रकान्याच्या लांबीने भाग गेला पाहिजे. फरक काढा: २२, २९, ७२, ८७, ११३. दहाने, पंधराने, विसाने यांपैकी एकालाही भाग जात नाही. क्यू ओळीच्या टोकाला आणि यू पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, ही शक्यताही मी तपासली, तीही या मांडण्यांत बसत नाही. उरल्या ९, १२ आणि १८. तिन्हींत जोडी एकच, ५३ आणि १२५, कारण ७२ ला तिघांनी भाग जातो.

एका अक्षराने निम्म्या मांडण्या बाद केल्या. म्हणून सायफर हातात आला की मी आधी दुर्मीळ अक्षरं शोधतो. ई आणि टी सगळीकडे असतात, त्यांच्याकडून काही कळत नाही.

उरलेल्या तिघांत निवड स्वरांवरून होते. इंग्रजीत दर दहा अक्षरांत साधारण चार स्वर असतात, आणि सलग लिहिलेल्या ओळीत ते बऱ्यापैकी समान पसरतात. मांडणी चुकीची असली की एखाद्या ओळीत स्वरांची गर्दी होते आणि दुसरी कोरडी पडते. तुमच्या प्रतीवर मी मोजून बघितलं. १८ ओळींच्या मांडणीत एका ओळीत दहापैकी एकच स्वर, तर दुसरीत आठ. ९ ओळींच्या मांडणीत वीसपैकी चारपासून बारापर्यंत. १२ ओळींच्या मांडणीत मात्र प्रत्येक ओळीत पंधरापैकी पाच ते सात. मी १२ ओळी आणि १५ रकाने धरून पुढे जाईन.

म्हणजे पहिला शेजार तुमच्या हातात आलेला आहे. ५३ वं अक्षर पाचव्या रकान्यात आणि १२५ वं अकराव्यात, तेव्हा पाचव्याच्या लगेच उजवीकडे अकरावा. दोन पट्ट्या शेजारी ठेवा आणि बाराही ओळींतल्या जोड्या वाचा. पुढचं काम म्हणजे अकराव्याच्या उजवीकडे कोण आणि पाचव्याच्या डावीकडे कोण. प्रत्येक वेळी उरलेल्या पट्ट्यांना गुण द्यायचे: टी-एच, ई-आर, ए-एन अशा जोडीला जास्त, क्वचित दिसणाऱ्या जोडीला कमी, आणि व्ही-जे सारखी जोडी आली तर ती पट्टी तिथे नाहीच. जोड्यांचा तक्ता तयार मिळतो, पण तुम्ही स्वतः करा. तुमच्या त्याच पत्राचा वाचता येणारा भाग आहे ना? तोच माणूस, तेच हस्ताक्षर, तेच स्पेलिंग. त्या काळी स्पेलिंग आजच्यासारखं नव्हतं, आणि हिज मॅजेस्टी, युवर एक्सलन्सी असे ठरलेले शब्दप्रयोग पुनःपुन्हा येतात. अक्षरं हजार-दोन हजार मिळाली तरी काम भागतं. स्मिथलाइनने जेफरसन यांचाच मजकूर घेतला तो यासाठी.

कॉम्प्युटर वापरायला माझी काही हरकत नाही. क्रिपटूल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात याची सोय आहे. आत चालतं ते असं: रकान्यांचा कुठलाही क्रम घ्यायचा, दोन रकाने अदलाबदल करून बघायचे, गुण वाढले तर ठेवायचे, नाहीतर परत. हजारो वेळा. लास्री यांनी २०१३ साली दुहेरी ट्रान्सपोझिशनचं (म्हणजे जागाबदल लागोपाठ दोनदा केलेलं) एक आव्हान अशाच, पण कितीतरी जास्त विचारपूर्वक बांधलेल्या पद्धतीने सोडवलं. ते सायफरांवर लिहिणारे जर्मन लेखक क्लाउस श्मे यांनी २००७ मध्ये ठेवलं होतं. पण तुमच्याकडे फक्त १८० अक्षरं आहेत. एवढ्या थोड्या मजकुरावर यंत्र कधीकधी चुकीच्या क्रमालाही चांगले गुण देतं. शेवटचा निवाडा डोळ्यांनीच करावा लागतो, आणि पंधरा पट्ट्या एका टेबलावर सहज मावतात.

आयत अपुरं असेल, म्हणजे शेवटची ओळ भरलेली नसेल, तर काही रकाने एका अक्षराने मोठे आणि काही लहान होतात. मग कोणता रकाना कुठे तुटतो तेच आधी कळत नाही. अशा वेळी पट्ट्या थोड्या लांब कापायच्या, दोन्ही टोकांना शेजारच्या रकान्याची दोन-तीन अक्षरं जादा ठेवून, आणि जुळवताना पट्टी वर-खाली सरकवायची. फालतू अक्षरं पेरलेली असली तरी हीच युक्ती. आणि त्याच किल्लीने लिहिलेलं, तितक्याच अक्षरांचं दुसरं पत्र त्या संग्रहात सापडलं तर सोन्याहून पिवळं. दोन्ही पत्रं एकाखाली एक लिहायची, आणि एकातलं अक्षर हलवलं की त्याच जागेचं दुसऱ्यातलं अक्षरही हलवायचं. एकात शब्द होतो आणि दुसऱ्यातही झाला तर तो खरा. म्हणून संग्रहातली आधीची आणि नंतरची पत्रं जरूर चाळा.

अभिलेखागाराच्या सूचीवर डोळे झाकून विसंबू नका. मेरी राणीची ती पत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इटलीसंबंधीचे कागद म्हणून नोंदलेली होती. उलगडल्यावर भाषा निघाली फ्रेंच आणि लिहिणारी मेरी. तुमच्या पत्राची भाषा इंग्रजी आहे हे निदान मोजणीवरून पक्कं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नक्कल. मी एकदा एका संग्रहातून मागवलेल्या छायाप्रतीवर तीन आठवडे घालवले होते. पट्ट्या निम्म्यापर्यंत सुरेख जुळायच्या आणि मग सगळं विस्कटायचं. प्रत काढताना उजवा समास कापला गेला होता आणि एका ओळीचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर राहिलं होतं. एकच अक्षर! त्यानंतरचे सगळे रकाने एका घराने सरकले होते. तेव्हापासून मी नक्कल दोनदा करतो, दुसऱ्यांदा उलटीकडून, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, म्हणजे डोळा शब्द बनवत बसत नाही. मग घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावून ताडून बघतो.

तुमची नक्कल मी स्कॅनशी ताडली. १७९ अक्षरांबद्दल मला शंका नाही. ९७ वं अक्षर तुम्ही ई लिहिलंय. मला ते सी वाटतं. आतली आडवी रेघ शाईची आहे की कागदाच्या घडीची, ते या स्कॅनवर कळत नाही. हे अक्षर नवव्या रकान्याच्या डोक्यावर, पहिल्याच ओळीत येतं. त्या ओळीत ई धरला तर सात स्वर होतात, सी धरला तर सहा, म्हणजे स्वरांवरून निकाल लागणार नाही. अभिलेखागाराला लिहून त्या पानाचा मोठा स्कॅन मागवा. तोवर पट्ट्या कापा, नवव्या पट्टीवर पहिलं घर पेन्सिलीने लिहा, आणि पाचवी-अकरावी चिकटवून कामाला लागा. एखादी जोडी अडली तर त्या पट्ट्यांचा फोटो पाठवा, मी त्याच दिवशी बघतो.